कॅड घरी शिकता येतं, पण मशीनशॉपचं दार हौशी माणसाला कधी उघडणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जून महिना आला की तुमच्या पेपरात कॅड-कॅम कोर्सच्या जाहिराती सुरू होतात. नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलांचं त्यातून भलंच होवो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी लिहितोय ते वेगळ्याच लोकांबद्दल, ज्यांना यातून नोकरी नकोय, नोकरी आधीच आहे किंवा रिटायर झालेत किंवा घर सांभाळतात, आणि रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप उघडून एखादा ब्रॅकेट, एखादी पुली, जुन्या गाडीचा बाजारात न मिळणारा पार्ट स्वतः काढायला बसतात. असे लोक आपल्याकडे बरेच आहेत, फक्त कुणाला दिसत नाहीत, कारण त्यांची ना संघटना ना क्लास. मी त्यातलाच एक, नोकरी हिशोबाची आणि हौस जुन्या स्कूटरची.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की यातला कॅडचा भाग, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टचं मॉडेल काढायचं काम, आज घरबसल्या, फुकट, नीट शिकता येतो आणि शिकावाच, पण कॅमचा भाग, म्हणजे ते मॉडेल खऱ्या धातूतून कापून काढायचं काम, मशीनसमोर उभं राहिल्याशिवाय येत नाही, आणि हौशी माणसाला तसं उभं राहता येईल अशी जागा आपल्याकडे जवळपास नाहीच. कोल्हापूरसारख्या गावात, जिथं उद्यमनगरात गल्लीगल्लीत लेथ चालतात आणि शिरोलीला फौंड्र्यांची रांग आहे, तिथंसुद्धा नाही.

आधी सॉफ्टवेअरचं बोलतो, कारण नवीन माणूस पहिल्यांदा इथंच अडकतो, कुठलं घेऊ म्हणून. फ्यूजन चांगलं आहे, त्यात कॅड आणि कॅम एकाच ठिकाणी आहे, आणि घरगुती वापराला ऑटोडेस्क ते फुकट देते, पण ही फुकटची अट कंपनीच्या हातात असते हे डोक्यात पक्कं ठेवा. २०२०च्या सप्टेंबरात त्यांनी फुकट लायसन्सवर मर्यादा आणल्या, एका वेळी फक्त १० फाईली एडिट करता येतील असं केलं, कॅममधली रॅपिड चाल काढून टाकली म्हणजे टूल हवेतून जातानासुद्धा कटिंगच्याच स्पीडनं जाणार, आपोआप टूल बदलणं काढलं. स्टेप फाईल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) बाहेर काढायची सोय पण काढणार होते, पण जगभरच्या हौशी लोकांनी आरडाओरडा केल्यावर ती ठेवली. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, जुन्या लॅपटॉपवर सुद्धा, पण फुकट खात्यातलं तुमचं काम सगळ्या जगाला उघडं असतं. ज्याला हे चालतं त्यानं खुशाल वापरावं.

मी मात्र नवीन माणसाला फ्रीकॅडच सांगतो. २००२पासून लोक मिळून ते बनवतायत आणि १.० आवृत्ती आली नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे बावीस वर्षं लागली, आणि तोपर्यंत त्याच्यावर एक मोठी तक्रार होती, की आधीच्या स्केचमध्ये काही बदललं की पुढचे फिलेट (गोल केलेल्या कडा), भोकं, पॉकेट भलत्याच फेसवर (पृष्ठभागावर) जाऊन बसायचे आणि सगळं मॉडेल लाल व्हायचं. १.०मध्ये हे बरंचसं आटोक्यात आलंय, पूर्ण गेलेलं नाही, पण ज्यांनी पाच-सात वर्षांपूर्वी वैतागून सोडलं होतं त्यांनी परत एकदा बघावं. त्यात असेंब्ली आहे, ड्रॉइंग काढायला टेकड्रॉ आहे, आणि जी-कोड, म्हणजे मशीनला चालवणाऱ्या सूचना, काढायला कॅम वर्कबेंच आहे जे आधी पाथ नावानं ओळखलं जायचं. कुणाचं लायसन्स संपत नाही, इंटरनेट लागत नाही. कॉम्प्युटर अगदीच जुना असेल तर सॉल्व्हस्पेस म्हणून छोटंसं सॉफ्टवेअर आहे, काही एमबीचं, त्यावर स्केच बांधायची, म्हणजे मापं आणि अटी घालून रेघा पक्क्या करायची, सवय चांगली लागते. आणि कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, प्रत्येक कामाची एक स्टेप फाईल काढून वेगळी ठेवा, ती उद्या दुसऱ्या कशातही उघडते.

शिकवताना, म्हणजे व्हिडिओतून वगैरे, लोक बटणं शिकवतात. इथं क्लिक करा, मग एक्सट्रूड, मग फिलेट. पण बटणं चार दिवसांत येतात, खरी गोष्ट आहे स्केच बांधायची. फ्रीकॅडमध्ये स्केच पूर्ण बांधलं गेलं की रेघा हिरव्या होतात, फ्यूजनमध्ये निळ्याच्या काळ्या होतात, आणि बरेच जण रंग बदलावा म्हणून कुठलीही मापं घालून टाकतात. असं करू नये, कारण मापं कुठून घेतली यावर तो पार्ट पुढं कसा कापला जाणार ते ठरतं. बेअरिंगच्या बोअरचं सेंटर हे महत्त्वाचं असेल तर सगळी भोकं त्या सेंटरपासून मोजा, प्लेटच्या कडेपासून नको, कारण कड अर्धा मिमी इकडंतिकडं झाली तरी कुणाचं बिघडत नाही पण भोकांचं आपापसातलं अंतर चुकलं तर पार्ट भंगारात. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार व्हायच्या आधी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवत होते, १९१०ला कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्याच्या नंतर, आणि मला नेहमी वाटतं की आपल्या भागातल्या यंत्रउद्योगाची सुरुवात ड्रॉइंगच्या फळ्यावर झालीय हे आपण विसरतोय.

ड्रॉइंगवरून अजून एक, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. अमेरिकेत थर्ड अँगल प्रोजेक्शन चालतं. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे फर्स्ट अँगल शिकवतात, आयटीआयला, डिप्लोमाला सगळीकडे. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारा व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या खाली येतो आणि उजवीकडून दिसणारा डावीकडे येतो, थर्ड अँगलमध्ये बरोबर उलटं. आता समजा तुम्ही अमेरिकन व्हिडिओ बघून थर्ड अँगलचं ड्रॉइंग काढलंत आणि वर्कशॉपमध्ये नेऊन दिलंत, कोपऱ्यात तो शंकूचा छोटा सिंबॉलही नाही टाकला, तर कारागीर ते त्याच्या सवयीनं फर्स्ट अँगल म्हणूनच वाचणार आणि ज्या बाजूला कान पाहिजे त्याच्या उलट्या बाजूला कान असलेला पार्ट तयार होणार, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. टेकड्रॉ मध्ये, फ्यूजनमध्ये, सगळीकडे हे सेटिंग असतं. फर्स्ट अँगल ठेवा आणि सिंबॉल टाका.

इथपर्यंत घरी जमतं. पुढचं नाही जमत.

स्क्रीनवर चौकोनी खिसा, म्हणजे धातूत कोरायची पोकळी, काढला, आतले चारही कोपरे काटकोनात, छान दिसतो. तो घेऊन व्हीएमसीवाल्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवाल्याकडे, गेलं की तो पहिला प्रश्न विचारतो, हा कोपरा मी कुठल्या टूलनं मारू? मिलिंगचं टूल गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा त्याच्या त्रिज्येएवढा तरी गोल राहणारच. ६ मिमीचं टूल असेल तर ३ मिमी, आणि शहाणा माणूस ३.५ ठेवतो म्हणजे टूल कोपऱ्यात थांबत नाही, वळत जातं. मग तो दुसरा प्रश्न विचारतो, खोली एवढी कशाला? कारण टूल जेवढं लांब बाहेर काढाल तेवढं ते वाकतं, आणि नुसतं दुप्पट नाही, बाहेर निघालेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोरानं ते आठपट वाकतं, मग भिंत खाली जाड आणि वर पातळ, किंवा सगळीकडे लाटा. सिम्युलेशनमध्ये हे काहीच दिसत नाही, सिम्युलेशनमधलं टूल कधी वाकत नाही आणि जॉब कधी व्हाइसमधून (पकडीतून) सुटत नाही.

तिसरा प्रश्न, धरणार कुठं? हा प्रश्न घरी बसून कधीच सुचत नाही. पार्टला सहा बाजू असतात आणि एका वेळी व्हाइस त्यातल्या दोन झाकतो, खालची तिसरी. पहिली बाजू कुठली मारायची, उलटा करून परत झिरो, म्हणजे मापं जिथून मोजायची तो बिंदू, कुठं घ्यायचा, पातळ भिंत आधी मारली तर ती दुसऱ्या सेटिंगला व्हाइसमध्ये दबणार नाही का, हे सगळं जुन्या कारागिराच्या डोक्यात पार्ट हातात घेतल्याबरोबर चालू होतं. तो ड्रॉइंग बघताना मनात मशीन चालवत असतो. हे ज्ञान कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर नाही.

मग फिटचा प्रश्न. ६२०३ नंबरचं बेअरिंग, आतून १७, बाहेरून ४०, रुंदी १२. स्क्रीनवर ४० मिमीचं बोअर काढलं की सॉफ्टवेअर खूश. पण ४० म्हणजे किती? एच ७ ही भोकाची ठरलेली सूट म्हटली तर ४० ते ४०.०२५, म्हणजे एका मिमीचा चाळिसावा भाग एवढीच सूट. अ‍ॅल्युमिनियमच्या घरात बेअरिंग घट्ट पाहिजे की हातानं बसलं पाहिजे, गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगणार त्याचं काय, हे ड्रॉइंगवर तुम्ही लिहायचं असतं. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर ०.२ मिमीची मोकळीक ठेवून भागतं म्हणून लोकांना वाटतं सगळीकडे तसंच, पण दोन्ही जगं फार वेगळी आहेत.

आणि फीड-स्पीड, म्हणजे टूल किती वेगानं पुढं सरकवायचं आणि किती वेगानं फिरवायचं. फॉर्म्युला सोपा आहे, कटिंग स्पीड गुणिले १००० भागिले पाय (३.१४) गुणिले टूलचा व्यास. अ‍ॅल्युमिनियमला कार्बाइड टूलनं मिनिटाला १५० मीटर धरले आणि टूल ६ मिमीचं असेल तर साधारण ८००० आरपीएम येतात, दोन दातांचं टूल आणि प्रत्येक दाताला ०.०४ मिमी धरलं तर फीड मिनिटाला ६४० मिमीच्या आसपास. तेच एमएसमध्ये (साध्या स्टीलमध्ये) १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) टूलला २५ मीटर धरले तर आरपीएम फक्त ८०० येतात. नवीन माणूस भीतीपोटी फीड कमी करतो, हळू गेलं म्हणजे सुरक्षित असं वाटतं, पण फीड फारच कमी केलं की दात कापत नाही, घासतो, तापतो, अ‍ॅल्युमिनियम टूलला चिकटतं आणि टूल तुटतं. हे आवाजावरून कळतं. चांगला कट कसा ऐकू येतो हे एकदा मशीनपाशी उभं राहून ऐकलं की आयुष्यभर लक्षात राहतं, व्हिडिओच्या स्पीकरमधून तो आवाज येत नाही.

जी-कोडचंही तसंच. जी ० म्हणजे हवेतून पळणे, जी १ म्हणजे फीडनं कापत जाणे, जी ५४ म्हणजे तुमचा झिरो, हे एका संध्याकाळी पाठ होतं. पण घरच्या छोट्या मशीनवरच्या ग्रबल या कंट्रोल सॉफ्टवेअरला एक्स १०० लिहिलं तर १०० मिमी जातं, आणि कारखान्यातल्या मशीनवरच्या बऱ्याच फॅनुक कंट्रोलवर दशांश चिन्ह न देता एक्स १०० लिहिलं तर सेटिंगप्रमाणे ते ०.१ मिमी धरलं जातं, म्हणून तिथले लोक १०० नंतर टिंब देतात. पोस्ट प्रोसेसर, म्हणजे त्या त्या मशीनच्या कंट्रोलप्रमाणे जी-कोड लिहिणारा भाग, बरोबर निवडला तर सॉफ्टवेअर हे सांभाळतं, पण पोस्ट बरोबर निवडलाय की नाही हे कळायला समोरचं मशीन कुठल्या कंट्रोलचं आहे ते माहीत पाहिजे ना.

कुणी म्हणेल घरीच छोटं मशीन घ्या. घ्यावं, मी नाही म्हणत नाही. ते ३०१८ म्हणून मिळतं, ३० बाय १८ सेंटिमीटरचं, लाकूड, अ‍ॅक्रिलिक, सर्किट बोर्ड यांच्यासाठी चांगलं आहे, अ‍ॅल्युमिनियमही अगदी पातळ पातळ थर काढत गेलं तर कापतं (त्याच्या बहुतेक टूलची दांडी ३.१७५ मिमी असते, म्हणजे आपली बरोबर एक सूत). सुरुवातीला झिरो घेणं, हवेत चालवून बघणं, टूल बदलल्यावर झेड परत सेट करणं, या सवयी त्यावर लागतात. पण स्टील त्यावर विसरा. आणि फ्लॅटमध्ये त्याचा आवाज, एमडीएफची धूळ, घरातली लहान मुलं हा सगळा विचार करून घ्या. चष्मा कायम लावा, हातमोजे मात्र फिरत्या स्पिंडलजवळ कधीही घालू नका, हातमोजा अडकला तर हात ओढला जातो. सैल बाह्या, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी याचंही तेच. हे मी पोटतिडकीनं लिहितोय कारण घरी शिकणाऱ्या माणसाला हे ओरडून सांगणारा फोरमन नसतो.

आपल्या भागात तर याला अजून एक चांगली वाट आहे, फौंड्रीची. थ्रीडी प्रिंटरवर पॅटर्न छापून बीडाचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं कास्टिंग करून घेता येतं, बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, उभ्या भिंतींना एक-दोन अंशाचा उतार द्यायचा म्हणजे वाळूतून पॅटर्न मोडतोड न करता निघतो, आणि जिथं मशीनिंग करायचंय तिथं दोन-तीन मिमी माल जास्त ठेवायचा. जुन्या पंपाचा, शेतीच्या औजाराचा, गिरणीचा पार्ट जो आता कुणी बनवत नाही, तो असा घरच्या कॉम्प्युटरवरून जन्माला येऊ शकतो. कुठल्या शहरातल्या हौशी माणसाला दोन-चार किलोमीटरवर फौंड्री, लेथ, व्हीएमसी, हीट ट्रीटमेंट सगळं मिळतं? आपल्याला मिळतं. पण आत कसं जायचं हेच कळत नाही. वर्कशॉपवाले वाईट नाहीत, त्यांना ५०० नगांची ऑर्डर सांभाळायची असते, एका नगासाठी दीड तास सेटिंग करून वर पन्नास प्रश्नांची उत्तरं द्यायची तर त्यांचं पोट कसं चालायचं.

म्हणून माझी मागणी सरकारी आयटीआय आणि पॉलिटेक्निककडे आहे. तिथं लेथ आहेत, मिलिंग आहेत, बऱ्याच ठिकाणी सीएनसीही आहे, शिकवणारे निदेशक आहेत, आणि शिफ्ट संपली की आणि रविवारी सगळं कुलूपबंद असतं. आठवड्यातून एक संध्याकाळ गावातल्या लोकांसाठी उघडा. फुकट नको, फी घ्या, निदेशकांना जादा वेळेचे पैसे त्यातूनच द्या. पहिली संध्याकाळ फक्त सुरक्षिततेची ठेवा आणि ती केल्याशिवाय कुणाला पुढं येऊ देऊ नका. अपघाताची जबाबदारी कोणाची हा प्रश्न येणार आणि तो रास्त आहे, म्हणून सुरुवातीला मशीन निदेशकच चालवतील, हौशी माणूस आपली फाईल घेऊन शेजारी उभा राहील, सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालताना बघेल, विचारेल, ऐकेल. एवढ्यानंसुद्धा घरी वर्षभर बसून जे येत नाही ते येईल.

हे काही हवेतलं बोलणं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. कलबागांनी १९८३ला सुरू केलेल्या, २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब, म्हणजे लोकांना स्वतः वस्तू बनवता येतील अशी कार्यशाळा, उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक, तीही एका खेड्यात. शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅब २०१६च्या योजनेतून आल्या, त्यात थ्रीडी प्रिंटर आहेत, सहावी ते बारावीची मुलं त्यावर काम करतात. त्याच मुलांचे आईवडील, आजोबा, शेजारी यांना सुट्टीच्या दिवशी तिथं येऊ दिलं तर प्रिंटर झाकून ठेवायची वेळ येणार नाही, आणि मुलांना पण बरोबरीनं शिकणारं मोठं माणूस दिसेल.

तुमच्या पेपरकडेही एक मागणं आहे. रविवारच्या पुरवणीत पाव पान द्या, मराठीत, या विषयाला. लेखक म्हणून इंजिनिअरिंगचे प्राध्यापक जरूर असू देत, पण दर दुसऱ्या आठवड्याला एखाद्या जुन्या टर्नरला, पॅटर्नमेकरला, टूलरूमच्या माणसाला बोलतं करा आणि तो जे सांगेल ते त्याच्या भाषेत छापा. फेस मारताना जॉब का थरथरतो, आटे पाडताना टॅप का तुटतो, एम ८च्या टॅपला ६.८चंच ड्रिल का. ही माणसं आता साठीच्या पुढं गेलीत, त्यांची पोरं बहुतेक दुसऱ्या कामांना लागली, आणि त्यांचं म्हणणं कुणी लिहून घेत नाहीये. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बरीच सॉफ्टवेअर मराठीतून शिकवतो, तसं मशीनशॉपचं कुणीतरी करायला पाहिजे, आणि पेपरनं सुरुवात केली तर पुढचं काम सोपं होईल.

ज्या आयटीआयच्या प्राचार्यांना हे पटतंय त्यांनी आपल्या वर्कशॉपमध्ये कुठली मशीन आहेत, कुठल्या कंट्रोलची आहेत आणि कुठल्या दिवशी उघडता येतील एवढं तुमच्याकडे कळवावं आणि तुम्ही ते छापावं ही विनंती. फी किती ठेवायची यावर वाचकांनीही लिहावं, मी स्वतः महिन्याला हजार-दीड हजार रुपये आनंदानं देईन.

आपला,
एक हौशी वाचक, कोल्हापूर